केळीचं पान आणि कापसाची गोधडी: हवामानबदलावर ३० सेकंदांची स्टॉप-मोशन फिल्म

हवामानबदल कणाकणाने होतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. स्टॉप-मोशनमध्येही, म्हणजे एकेक फोटो काढून ते सलग चालवून केलेल्या फिल्ममध्ये, वस्तू दर फोटोला कणभरच बदलते, त्यामुळे हे माध्यम या विषयाला चपखल बसतं. मात्र ३० सेकंदांत एकच गोष्ट सांगा. आटलेली विहीर दाखवाविशी वाटेल, पण तिच्यात उपशाचाही वाटा असतो आणि शेतकरी नेमकं तेच विचारेल. त्यापेक्षा उन्हाच्या झळा आणि केळीचं पान घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या रावेर-यावलला ते वेगळं समजावावं लागत नाही.

सेकंदाला १२ फोटो, म्हणजे एकूण ३६०. पहिले ९६ हिरव्या बागेचे, पुढचे १२० कापूस साठण्याचे, उरलेले १४४ पान फाटण्याचे.

निळ्या कार्डशीटचं आभाळ, काळ्या कागदाचं धुराडं. कोळशातून निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी कापूस. दर तीन फोटोंमागे एक चिमूट चिकटवा. ४० चिमटींत आभाळावर गोधडी तयार होते. खालची उष्णता बाहेर जायला अडते, हे त्यातून आपोआप कळतं. ओझोनचं भोक इथे दाखवू नका. तापमानवाढीचं ते कारण नाही, तरी पोस्टरांवर ही चूक फार दिसते.

खरं पान दिव्याखाली दोन-तीन तासांत मलूल होतं, म्हणून कागदाचंच कापा: २० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद, मागून शिरेच्या जागी बारीक तार चिकटवलेली. केळीचं पान वाऱ्याने कडेकडून शिरेकडे फाटतं, तसंच कातरायचं. दर फोटोला ४ मिमी, सहा फोटोंत एक चीर २४ मिमीची. दोन्ही बाजूंना बारा-बारा चिरा. शिरेजवळ ६ मिमी सोडा, नाहीतर पट्टी गळून पडेल. कडा करपवायला तपकिरी तेलखडू वापरा. पाणीरंगाने कागद मुरडतो आणि पान नको तेव्हा हललेलं दिसतं. कातरलेलं परत जुळत नाही, त्यामुळे जास्तीची दोन पानं कापून ठेवा.

शूटिंग रात्रीच करा. दिवसा ऊन सरकतं आणि सावल्या उड्या मारतात. तेलमाती वापरणार असाल तर खानदेशातल्या मे महिन्याच्या दुपारी ती हातातच लिबलिबीत होते. फोटो काढताना कूलर बंद ठेवा, कागद थरथरतो. फोन स्टँडवर घट्ट बांधा, फ्लाइट मोडवर टाका, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा. लॉक करायचं राहून गेलं तर फिल्म लुकलुकते आणि ती नंतर सुधारणं जिकिरीचं असतं. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर चार्जिंगचे दिवे वापरा. बटण दाबताना फोन हलू नये म्हणून वायरच्या इअरफोनच्या आवाजाच्या बटणाने फोटो काढा. आधीचा फोटो पुसट दाखवणारं अ‍ॅप घेतलंत, तर धक्का लागलेली वस्तू लगेच जागेवर आणता येते.

निवेदन साठ शब्दांच्या आत ठेवा. धुळे-साक्रीकडे अहिराणीत, रावेरकडे लेवागणबोलीत. आकडा एकच पुरे: १८५०–१९०० च्या तुलनेत २०११–२०२० या दशकात पृथ्वी सुमारे १.१ अंशाने तापलेली होती. एका वर्षाच्या कडक उन्हाळ्याला पुरावा म्हणू नका.

दाखवून झाल्यावर “मग आम्ही काय करायचं?” हा प्रश्न येणारच. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण आणि बुंध्याशी पाचटाचं आच्छादन यांनी झळ सोसवते. पण गोधडी जाड होणं कोळसा आणि डिझेल कमी जाळल्याशिवाय थांबत नाही. दोन्ही उत्तरं वेगवेगळी करून सांगा.