गुडघा बदलल्यानंतर घरातले पहिले तीन महिने

गुडघ्याची शस्त्रक्रिया करून माणूस घरी आला की भेटायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "वाकतो का आता?" वाकण्याचं पुढे बघता येतं. पाय पूर्ण सरळ होतो का, हे आधी बघायला हवं, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. पाय पाच-दहा अंश वाकलेलाच राहिला, तर मांडीचा स्नायू उभं असताना सतत राबत राहतो. थोडं चाललं की पाय भरून येतो, मग कंबर आणि दुसरा गुडघाही कुरकुरायला लागतो. वाकणं कित्येक महिने सुधारत राहतं. सरळपणा मात्र पहिल्या काही आठवड्यांत मिळवला नाही, तर पुढे तो फार जड जातो.

खालचं सगळं पूर्ण गुडघा बदलल्यानंतरचं आहे. लिगामेंटच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेला हे नियम लावू नका. डिस्चार्ज कार्डावर काही वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळायचं. घरी निघण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून कार्डावर लिहून घ्या: पायावर पूर्ण वजन द्यायचं का, जखमेला पाणी कधीपासून चालेल, आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची.

घर आधी मापून घ्या

आपल्याकडे बरेच जण सुगी आटोपली की शस्त्रक्रियेचं ठरवतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या पावसात अंगण, पडवी आणि न्हाणी तीन-चार महिने ओली असतात, आणि वॉकरला ओल्या शहाबादी फरशीसारखा शत्रू नाही. पावसाळ्यात करावीच लागली तर न्हाणीतलं शेवाळ आधी तारेच्या ब्रशनं खरवडून काढा आणि दारात पायपुसण्याऐवजी रबरी चटई घाला. सुटं पायपुसणं वॉकरच्या पायात गुंडाळतं.

टेप घेऊन आधी दारं मोजा. वॉकरची रुंदी साधारण दोन फूट असते आणि जुन्या घरांतलं न्हाणीचं दार बऱ्याचदा तेवढंच. तिरकं होऊन वॉकर आत नेण्याच्या प्रयत्नात माणसं पडतात. दार अरुंद असेल तर पहिले काही आठवडे खोलीतच कमोडची खुर्ची ठेवा.

शौचालय भारतीय पद्धतीचं असेल तर भांडं काढलेली कमोड-खुर्ची त्यावर बसवता येते. मात्र तिचे चारही पाय पायठाण्यांच्या बाहेर, सपाट जागी टेकले पाहिजेत. एक पाय पायठाण्यावर चढला की खुर्ची कलते. बसायची उंची १८ इंचांच्या आसपास ठेवा, उंच माणसाला थोडी जास्त. बाजूला हात टेकायला जागा हवी. नळाची पाइप किंवा बंबाची कड हा आधार नव्हे.

खाट किंवा दिवाण इतका उंच हवा की काठावर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली राहतील. बुटक्या खाटेखाली सुट्या विटा लावू नका, उठताना खाट सरकते आणि वीट निसटते. मधोमध खळगा केलेले लाकडी ठोकळे सुताराकडून करून घ्या. हात नसलेली खुर्ची उपयोगाची नाही. प्लॅस्टिकचीच वापरायची असेल तर एकात एक दोन बसवा. उंची थोडीच वाढते, पण पाय फाकण्याची भीती कमी होते. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली असू द्या.

वॉकरची उंची दुकानदार अंदाजानं लावून देतो, ती तशीच ठेवू नका. ताठ उभं राहून हात खाली सोडा. वॉकरची मूठ मनगटाच्या रेघेशी आली पाहिजे. उंच वॉकर खांदे वर ढकलतो आणि बुटका माणसाला पुढे झुकवतो. पुढे झुकलं की गुडघाही वाकलेलाच राहतो, म्हणजे मूळ त्रास परत आला. रबरी टोप्या दर आठवड्याला उलटून बघा. आतली धातूची कड दिसायला लागली की टोपी बदला.

ती उशी

पाय ठणकत असतो, गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, आणि घरातलं कुणीतरी मायेनं ती सरकवतं. नुकसान इथंच होतं. रात्रभर वाकलेल्या स्थितीत ठेवलेला गुडघा तसाच आखडायला लागतो. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली घ्या, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्या वजनानं खाली येतो. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा मिनिटं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून निवांत पडून राहा. पहिले दिवस पाच मिनिटंही पुष्कळ. मांडीमागे ओढ लागेल, ती लागू द्या.

प्रगती बघायची साधी रीत अशी. कडक दिवाणावर पाय पसरा आणि दुसऱ्याला गुडघ्याखालून तळहात सरकवायला सांगा. किती बोटं जातात ते वहीत लिहा. दोन बोटांची एक झाली, एकाची शून्य झाली, की काम होतंय. कापसाच्या जाड गादीवर ही परीक्षा फसते, कारण गादी दबून पोकळी लपते.

वाकण्यासाठी फरशीच तुमचं माप. खुर्चीवर ताठ बसा, पाऊल जमिनीवर ठेवून मागे सरकवा आणि अंगठा जिथं थांबला तिथं खडूची रेघ मारा. कंबर उचलून किंवा एका बाजूला कलून पाऊल मागे नेलं तर तो आकडा खोटा. दोन आठवड्यांच्या सुमारास ९० अंश, म्हणजे नडगी फरशीला काटकोनात उभी, आणि सहा आठवड्यांत ११० च्या आसपास आलं की चांगलं चाललंय. सहा आठवडे झाले तरी ९० गाठले नाहीत तर वाट बघू नका, सर्जनला दाखवा. भूल देऊन गुडघा सोडवायची गरज पडलीच, तर ते पहिल्या १२ आठवड्यांत करणं चांगलं. त्यानंतर आतले पापुद्रे घट्ट होतात.

रोजचे व्यायाम

जागेपणी दर तासाला २० वेळा पाऊल वर-खाली करा. हा व्यायाम घोट्यासाठी नाही, पोटरीतलं रक्त साकळू नये म्हणून आहे. बोटं नुसती हलवून चालत नाही, पाऊल पूर्ण वर आणि पूर्ण खाली गेलं पाहिजे.

दुसरा व्यायाम दिसायला क्षुल्लक, पण सगळ्यांत महत्त्वाचा. पाय पसरून मांडीचा पुढचा स्नायू आवळायचा आणि गुडघा खाली गादीत दाबायचा. मनात पाचपर्यंत मोजून सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघ्याच्या वाटीवर हात ठेवा. स्नायू आवळल्यावर वाटी मांडीकडे सरकली तर बरोबर होतंय. पहिले दोन दिवस काहीच हलत नाही, कारण सुजेमुळे स्नायू जणू झोपलेला असतो. अशा वेळी दोन्ही पायांनी एकदम करा, म्हणजे चांगल्या पायाबरोबर हाही जागा होतो.

टाच सरकवायचा व्यायाम पलंगावर करताना चादर अडते. पायात मोजा घाला आणि टाचेखाली गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी घ्या, टाच सरसर सरकते. हळूहळू नितंबाकडे आणा, शेवटी पाच मोजेपर्यंत थांबा, सोडा. दहा ते पंधरा वेळा. पाय सरळ ठेवून उचलायचा व्यायाम मात्र घाईनं नको. उचलताना गुडघा वाकत असेल तर स्नायू अजून तयार नाही, आधीचाच व्यायाम चालू ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, फिजिओथेरपिस्टनं होकार दिल्यावर, ओट्याला धरून उभ्यानं करायचे व्यायाम घ्या: टाचा उचलणं, थोडंसं खाली बसून उठणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. उठताना सगळं वजन चांगल्या पायावर टाकायची सवय लागते. समोर आरसा ठेवला तर ती लगेच पकडता येते.

दुखण्याची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. "गोळ्या जास्त नकोत" म्हणून गोळी टाळायची आणि मग दुखतं म्हणून व्यायाम टाळायचा, हे फार घरांत चालतं. गोळ्या लवकर सोडायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. काही गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. ताक, फळं, भाजी आणि पाणी वाढवा, तरी नाही झालं तर औषध मागून घ्या.

व्यायामानंतर बर्फ. खडे कुटून पिशवीत भरा, ओल्या पंच्यात गुंडाळा आणि १५ ते २० मिनिटं ठेवा. टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याच जणांना बधिर लागते, त्यामुळे बर्फानं भाजतंय हे कळत नाही. मध्ये एकदा पंचा उचलून कातडी बघा. शेक, गरम विटा, निर्गुडीचा वाफारा सध्या अजिबात नको, त्यानं सूज वाढते. तेल लावून पोटरी चोळणं तर मुळीच नको. पोटरीत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. गावातले हाडवैद्य हौसेनं "एका झटक्यात वाकवून देतो" म्हणतात. त्यांना चहा द्या, पाय देऊ नका.

व्यायाम जास्त झाला की कमी, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. शिंप्याच्या टेपनं वाटीच्या मधोमध घेर मोजा. कालच्यापेक्षा वाढला असेल आणि दुखणंही चढलं असेल तर आज संख्या निम्मी करा. पूर्ण बंद करू नका, बंद केलं की आखडतं.

थेरपिस्टकडे जाणं

नंदगड किंवा निपाणीकडच्या गावातून बेळगावला आठवड्यातून तीनदा फेऱ्या मारणं परवडत नाही आणि रुग्णालाही सोसत नाही. सुरुवातीला आठवड्याला एक-दोन भेटी ठेवा, तिथं केलेल्या प्रत्येक व्यायामाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून घ्या आणि घरी तो लावूनच करा. एस.टी.ची पहिली पायरी उंच असते, म्हणून पहिले सहा आठवडे ती टाळा. रिक्षात पाठ करून आधी बसा, मग पाय आत घ्या. कारमध्ये सीट पूर्ण मागे सरकवा.

थेरपिस्ट कन्नड बोलणारे असले तर आपल्या बहुतेकांना अडचण येत नाही, पण घरातल्या आजीला चार शब्द आधी सांगून ठेवा. 'मडचि' म्हणजे दुमडा, 'नेट्टगे' म्हणजे सरळ, 'नोवु' म्हणजे दुखणं, 'बावु' म्हणजे सूज. 'साकु' म्हणजे पुरे, हे आजीला आधीच येत असतं आणि व्यायामात तोच शब्द सगळ्यांत आधी बाहेर पडतो.

घरातलं वागणं

पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा. चढताना वर ठेवलेला पाय सगळं अंग उचलतो, उतरताना मागे राहिलेला पाय वजन पेलतो, म्हणून दोन्ही वेळा कष्ट चांगल्या पायाकडे जातात. जुन्या घरातल्या उंच उंबऱ्याशी थांबा. वॉकर पलीकडे, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला. साडीची कड घोट्याच्या वर असू द्या. मागे पट्टा नसलेल्या स्लिपर काढून ठेवा.

सूनबाई आणि नातवंडं सगळं हातात आणून देतात, हे प्रेमाचं असलं तरी पायाला मारक. पाण्याचा तांब्या मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवा. तासाभरापेक्षा जास्त एका जागी बसू देऊ नका. पाहुणे कुंद्याचा डबा घेऊन येतील. मधुमेह असेल तर तो त्यांच्यासमोरच फोडून त्यांनाच वाढा, कारण वाढलेली साखर जखम भरू देत नाही. रुग्णाला रोज डाळ, हुलगे, अंडी, दूध यांतलं काही ना काही दोन्ही जेवणांत हवं.

गुडघा काही महिने गरम लागणं, आत टकटक आवाज येणं, संध्याकाळी सूज चढणं यात घाबरण्यासारखं नाही. पण पोटरी एकदम सुजून दुखायला लागली, जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप १००.४ च्या वर गेला, किंवा पडल्यानंतर पाय उचलताच येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

खाली बसणं

पंगत, पाट, देवघर, सगळं जमिनीवर, त्यामुळे हा प्रश्न येतोच. मांडी घालून किंवा उकिडवं रोज बसायची आशा धरू नका. पूजेला खुर्ची घ्या, देव्हारा वर चढवा. पण पडल्यावर किंवा गरज लागल्यावर उठता आलं पाहिजे, म्हणून तीन महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून, घरात कुणी असताना, हे शिकून घ्या. जमिनीवर घडी केलेली घोंगडी पसरा आणि शेजारी भिंतीला टेकलेली जड खुर्ची ठेवा. कुशीवर वळून हात आणि गुडघ्यांवर या, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा. चांगल्या पायाचं पाऊल पुढे सपाट टेका. मग हातांनी खुर्ची खाली दाबत वर या आणि उभं राहिल्यावर क्षणभर थांबून मगच पाऊल उचला. टेकलेला गुडघा थोडा विचित्र, दगड ठेवल्यासारखा लागतो. घोंगडीची आणखी एक घडी घातली की ते कमी होतं.