न्यूर्बुर्गरिंगची पहिली फेरी: आधी आरसा, मग वेग

“कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर न्यूर्बुर्गरिंगची फेरी नऊ मिनिटांच्या आत मारलीय, आता फक्त विमानाचं तिकीट काढायचं बाकी आहे.” असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. कुणी ऑफिसातला, कुणी भाच्याचा मित्र. मी प्रत्येकाला एकच विचारतो, “तुझ्या गाडीचा डावा आरसा उघडा असतो की मिटलेला?” पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, “मिटलेला. उघडा ठेवला तर रिक्षावाले घेऊन जातात.” मग माझं ठरलेलं वाक्य: तू अजून तयार नाहीस.

आधी ही जागा काय आहे ते समजून घ्या. जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ भागात, न्यूर्बुर्ग गावाच्या भोवताली १९२७ साली हा ट्रॅक सुरू झाला. त्याचा जुना, खरा भाग म्हणजे नॉर्डश्लायफे: २०.८ किलोमीटर, ७३ वळणं, आणि सगळ्यात खालचं टोक ते सगळ्यात वरचं टोक यांत सुमारे ३०० मीटरचा फरक. आपला अटल सेतू शिवडी ते चिर्ले २१.८ किलोमीटर आहे, म्हणजे अंतर जवळपास तेवढंच. तो सेतू उचलून बोरघाटात गुंडाळून ठेवलाय, कडेला सुटायला फारशी जागा नाही आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, असं डोळ्यांपुढे आणा.

शर्यती आणि मोटार कंपन्यांच्या चाचण्या नसतात तेव्हा हा ट्रॅक टोल भरून वापरायचा एकेरी सार्वजनिक रस्ता होतो. लायसन्स आणि रस्त्यावर चालवायची परवानगी असलेली गाडी एवढ्यावर आत जाता येतं. लोक इथवरच वाचतात. खरी गोम पुढे आहे: रस्ता सार्वजनिक, म्हणून जर्मनीचे वाहतुकीचे नियम आतही लागू. ओव्हरटेक फक्त डावीकडून. शर्यत लावणं, घड्याळ लावून वेळ काढणं बंद. मोबाइल हातात धरणं बंद. तुमच्या मागे पोर्शे असेल आणि पुढे एखादं कुटुंब त्यांच्या साध्या गाडीतून मजेत चाललेलं असेल.

कागद

शेंगेन व्हिसा तुम्हाला कळतो, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतून घ्या, मग ते ताडदेव असो, अंधेरी, वडाळा की बोरिवली. ते एक वर्ष चालतं, म्हणून उत्साहाच्या भरात फार आधी काढू नका. मूळ लायसन्सही सोबत हवंच, नुसतं परमिट दाखवून भागत नाही.

तारीख

हंगाम साधारण मार्च ते नोव्हेंबर. ट्रॅकच्या अधिकृत वेळापत्रकात कोणत्या दिवशी किती वाजता दार उघडणार ते दिलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय विमानाचं तिकीट काढणाऱ्याला माझी सहानुभूती नाही. आठवड्याच्या दिवशी बऱ्याचदा संध्याकाळचे दोनेक तासच मिळतात. शनिवार-रविवारी वेळ भरपूर आणि गर्दीही भरपूर. पहिल्या खेपेला सोमवार ते गुरुवारची संध्याकाळ धरा. फेरीचं तिकीटही त्या दिवशी थोडं स्वस्त असतं. २०२४ साली एका फेरीला तीस-पस्तीस युरो पडत. गुड फ्रायडेला चुकूनही जाऊ नका. त्या दिवशी अख्ख्या युरोपातले गाडीवेडे तिथं उतरतात, लालबागला विसर्जनाच्या दिवशी गाडी शिकायला काढावी तसं होईल.

किमान तीन संध्याकाळी हाताशी ठेवा. कुणी कठड्यावर आदळलं की ट्रॅक बंद होतो आणि कधी उघडेल ते कुणीच सांगत नाही. शिवाय आयफेलची हवा आपल्या जुलैतल्या इगतपुरीसारखी. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे मी एकाच फेरीत पाहिलंय. ओलं असेल तर पहिल्या खेपेला आत जाऊ नका, कॉफी प्या. आणि पोहोचल्या दिवशीही नाही. उन्हाळ्यात तिथं संध्याकाळचे साडेपाच म्हणजे इथले रात्रीचे नऊ. वर रात्रभराचा प्रवास झालेला असतो. डोकं जेवून झोपायच्या तयारीत असतं.

गाड्या, दोन

हो, दोन. पहिली साधी भाड्याची गाडी विमानतळावरून. फ्रँकफर्टहून ट्रॅक दोनेक तासांवर आहे, आणि न्यूर्बुर्गला रेल्वे स्टेशन नाही. ही गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. करारात तशी मनाई असते आणि आत काही झालं तर विमा हात वर करतो. “कुणाला कळणार आहे?” म्हणणारा मित्र सोबत असेल तर त्याला कोलोनला चर्च बघायला पाठवा.

दुसरी गाडी ट्रॅकसाठीच भाड्यानं मिळते, न्यूर्बुर्ग आणि आडेनाऊच्या आसपास अशी दुकानं आहेत. फोटो काढायला छान दिसणारी घेऊ नका. छोटी, पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक घ्या, आणि ऑटोमॅटिक. “मॅन्युअल नाही तर मजा नाही” हा सल्ला देणाऱ्यांनी डावीकडे बसून उजव्या हातानं गियर टाकत कधी घाट उतरलेला नसतो. पहिल्या दिवशी माझा डावा हात गियर शोधत चार वेळा दारावर आपटला, तोही गावातल्या रस्त्यावर.

सही करण्याआधी करारातला एकच आकडा शोधा: अपघात झाला तर तुमच्या खिशातून किती. तो हजारो युरोंत असतो. त्याशिवाय वाकलेल्या कठड्याचं बिल, गाडी ओढून नेण्याचं बिल आणि ट्रॅक बंद पडल्याचं बिल येऊ शकतं, आणि मुंबईहून काढलेला प्रवास विमा सहसा यातलं काहीच भरत नाही. तो आकडा वाचून पोटात गोळा आला तर फक्त शेजारच्या सीटवर बसून फेरी मारा. तेही तिथं मिळतं, आणि त्यात कमीपणा नाही.

आरसा

आता मुद्द्याचं. ७३ वळणं पाठ करा असं सगळे सांगतात. करा, बिघडत काही नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्या मुंबईकराचा घोळ वळणांत होत नाही, मागून येणाऱ्या गाडीमुळे होतो. सिम्युलेटरवर तुम्ही एकटे असता, तिथं हे शिकायला मिळत नाही.

आपण मुंबईत कानानं गाडी चालवतो. मागून कोण येतंय ते हॉर्न सांगतो, किती घाईत आहे ते हॉर्नच्या लांबीवरून कळतं, आणि बाइक डावीकडून घुसणार की उजवीकडून तेही आवाजावरूनच ओळखतो. आरसा भांग पाडायला. नॉर्डश्लायफेवर हॉर्न कुणी वाजवत नाही. मागचा माणूस गृहीत धरतो की तुम्ही त्याला पाहिलंय. तुम्ही पाहिलेलं नसतं.

माझी पहिली फेरी सांगतो. बर्गवेर्क नावाचं उजवं वळण संपलं. त्याच्या जरा अलीकडे १९७६ साली फॉर्म्युला वनच्या शर्यतीत निकी लाउडा या चालकाची फेरारी पेटली होती, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत नॉर्डश्लायफेवर परत आली नाही. मी तेच आठवत चाललेलो. तिथून केसेलखेनचा लांब चढ सुरू होतो. छोट्या गाडीचा चढावर दम निघतो आणि मोठ्या इंजिनवाले तिथंच तुम्हाला गाठतात. मागे कोणी आहे का बघायला मान डावीकडे वर उचलली, कारण वीस वर्षं मधला आरसा तिथंच आहे. तिथं होती खिडकी आणि पलीकडे झाडं. आरसा उजवीकडे होता. तो सापडेपर्यंत दोन सेकंद गेले आणि त्यात एक चंदेरी गाडी ठिपक्याची हेडलाइट झाली. वाट द्यायला इंडिकेटर द्यावा म्हणून उजव्या बोटानं दांडी खाली ओढली, आणि खडखडीत उन्हात वायपर सुरू झाले. इथल्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, तिथं डाव्या. आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट केली. हळू जाणाऱ्यानं डावीकडे व्हायचं हे आपल्या रक्तात आहे, म्हणून मी डावीकडे सरकलो. म्हणजे बरोबर त्याच्या वाटेत. तो ब्रेक मारून कसा वाचला ते त्यालाच ठाऊक. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये तो मला शोधत आला. ओरडला नाही. दोन्ही तळहात समोर धरून त्यानं मला डावं कुठलं आणि उजवं कुठलं ते दाखवलं, बालवाडीतल्या बाई दाखवतात तसं. त्यापेक्षा ओरडला असता तर बरं.

म्हणून आता जे सांगतो ते जाण्याआधी महिनाभर इथंच करा. डावा आरसा उघडा. तुटला तर तुटला, इथं तो स्वस्त आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर सकाळी लवकर मुलुंडहून सायनपर्यंत जाताना शेजारी कुणालातरी बसवा. त्यानं अधूनमधून अचानक विचारायचं, “मागे काय?” आणि तुम्ही आरशात न बघता सांगायचं: पांढरी टॅक्सी, तीन गाड्या मागे, तुमच्याच लेनमध्ये. सांगता आलं नाही तर चहा तुमच्याकडून. माझी बायको या खेळात महिन्याभरात बाराशे रुपयांचा चहा-नाश्ता जिंकली.

तिथं गेल्यावर साधी भाड्याची गाडी घेऊन दोन दिवस आजूबाजूच्या गावांतून नुसते फिरा. त्या दोन दिवसांत तीन गोष्टी अंगात मुरवायच्या. मधला आरसा उजवीकडे वर. इंडिकेटर डाव्या हाताला. आणि हळू जाणारा उजवीकडे. तिसरी तोंडानं बोला, खरंच मोठ्यानं बोला. मी अजूनही दार उघडून आत बसलो की “उजवीकडे” म्हणतो. बरोबरच्यांना हसू येतं, येऊ दे.

ट्रॅकवर आरसा कधी बघायचा याला वेळ आहे. वळणातून बाहेर पडून स्टिअरिंग सरळ झालं की लगेच, आणि पुढच्या वळणासाठी ब्रेक लावण्याआधी पुन्हा एकदा. वळणाच्या मध्ये नाही, तिथं बघून काही करता येत नाही आणि गाडी मात्र भलतीकडे जाते. वेगवान गाडी दिसली की उजवा इंडिकेटर, उजवी कड धरून राहायचं, अॅक्सिलरेटर किंचित सैल. ब्रेक नाही, कारण तुम्ही काय करणार हे त्याला आधीच कळलं पाहिजे. वळणात असाल तर जागा बदलू नका, आहात त्या रेषेत वळण पूर्ण करा आणि पुढच्या सरळ तुकड्यावर वाट द्या. एक गाडी गेली की लगेच डावीकडे परत येऊ नका. तिच्या मागे दुसरी असते, आणि ती पहिलीच्या आड लपलेली असते. दोघं-तिघं मित्र अशी रांग लावूनच येतात.

तुम्ही स्वतः ओव्हरटेक करायचं का? पहिल्या खेपेला नाही. पुढची गाडी हळू असेल तर मागे राहा, झाडं बघा.

एवढं करूनही धीर होत नसेल तर एका फेरीसाठी शिक्षक शेजारी बसवा. पैसे जातील, पण ते दहा संध्याकाळच्या सिम्युलेटरपेक्षा कामाचे. त्याला रेसिंग लाइन, म्हणजे वळणांतून सगळ्यात जलद जायची रेषा, विचारू नका. एकच सांगा: माझे डोळे बघ आणि मी आरसा चुकवला की बोल.

फेरी

टायरची हवा भाड्यानं देणाऱ्याला विचारा, स्वतःची अक्कल लावू नका. पाण्याच्या बाटल्या, कॅमेरे, सीटखालची चिल्लर, सगळं सुटं सामान बाहेर काढा. माझ्या मित्राची स्टीलची बाटली फुक्सरोऱ्हेच्या उतारावर घरंगळत ब्रेकच्या पायाशी आली होती. नशीब, पेडलखाली नाही गेली. आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही ड्यॉटिंगर ह्योए नावाच्या लांब सरळ पट्ट्यावर, म्हणून दर फेरीला बाहेर यावंच लागतं आणि फेरी पूर्ण २०.८ किलोमीटरची होत नाही. शेवटच्या सरळ रस्त्यावर समोर सगळं मोकळं दिसतं आणि पाय आपोआप खाली जातो, पण तिथंच पुढे बाहेर पडणाऱ्यांची रांग हळू झालेली असते. वेग आधीच कमी करा.

पिवळे झेंडे किंवा दिवे दिसले तर पुढे काहीतरी झालंय असं धरा. स्वतः बंद पडलात तर धोक्याचे दिवे लावा, उतरा, कठड्याच्या पलीकडे जा आणि तिथून मदतीला फोन करा. गाडीपाशी उभं राहून फोन करणाऱ्यांना मी पाहिलंय. मला आजही ते आठवून कसंतरी होतं.

कारुसेल नावाच्या वळणातल्या काँक्रीटच्या पन्हळीत उतरण्याचा मोह सगळ्यांना होतो. मागे कुणी नसेल तरच उतरा. आत शिरलात की ती संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही आणि गाडी अशी हादरते की आरशात सगळं दोन-दोन दिसतं.

फेरी झाली की शेवटचे दोन किलोमीटर ब्रेक न वापरता सावकाश या, म्हणजे ते निवतील. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड चिकटून बसतात. गाडी पी मध्ये टाका, सपाट जागा बघा, चाकांकडून येणारा जळका वास दहा मिनिटांत जातो. दुसरं तिकीट त्यानंतर घ्या, आणि त्याआधी आठवून बघा, या फेरीत मागून किती गाड्या आल्या. आकडा सांगता आला नाही तर आज दुसरं तिकीट घेऊ नका.