हिमगाभ्याचे आलेख वाचताना या चुका टाळा

व्हॉट्सअ‍ॅपवर गेली कित्येक वर्षं एक आलेख फिरतो आहे. ग्रीनलंडच्या हिमगाभ्यावरून, म्हणजे बर्फात खोल भोक पाडून वर काढलेल्या लांब दंडगोलावरून, काढलेलं दहा हजार वर्षांचं तापमान, आणि उजव्या टोकाला बाण काढून लिहिलेलं 'आज'. खाली मजकूर असतो: रोमन काळात आणि मध्ययुगात तिथे आजच्यापेक्षा जास्त ऊब होती, मग तापमानवाढीचा एवढा गवगवा कशाला? आकडे बनावट नाहीत. ते जीआयएसपी-2 या अमेरिकी मोहिमेचे आहेत. तिने 1993 मध्ये 3,053 मीटर खोल जाऊन तळाचा खडक गाठला, आणि तिच्या गाभ्यावरून शास्त्रज्ञ रिचर्ड अ‍ॅली यांनी ही तापमानमालिका मांडली. खोट आहे ती त्या बाणात.

मूळ फाइल उघडून पहिली ओळ बघा. वयाच्या रकान्यात 0.0951, तापमानाच्या रकान्यात उणे 31.59. वय हजार वर्षांत दिलं आहे, म्हणजे 95 वर्षं. कुठून मागे? 1950 पासून. पुराहवामानशास्त्रात, म्हणजे प्राचीन हवामानाच्या अभ्यासात, 'आजपासून इतकी वर्षं आधी' असं लिहिलेलं असलं, की तो 'आज' बहुतेक वेळा 1950 साल असतो. म्हणजे या मालिकेतला सर्वांत ताजा बिंदू 1855 चा. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. नंतरची सगळी तापमानवाढ या आलेखाच्या बाहेर आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर-मध्य ग्रीनलंडच्या गाभ्यांमध्ये ताज्या बर्फाची भर घातली, तेव्हा 2001 ते 2011 हा काळ विसाव्या शतकाच्या सरासरीपेक्षा सुमारे 1.5 अंशांनी उष्ण आणि गेल्या हजार वर्षांत सर्वांत उष्ण निघाला.

म्हणून कोणताही आलेख हाती आला की आधी शून्य कुठे आहे ते शोधा. ग्रीनलंडची थर मोजून बनवलेली नवी कालगणना 1950 ऐवजी 2000 पासून मागे मोजते, त्यामुळे दोन फाइलींत सरळ पन्नास वर्षांचा फरक पडू शकतो. ज्वालामुखीचा उद्रेक शोधताना पन्नास वर्षं म्हणजे फार झाली.

बर्फाचं वय आणि हवेचं वय एक धरू नका

सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो, आणि यातूनच निघालेला एक युक्तिवाद दोन दशकं झाली तरी संपत नाही.

बर्फ पडला त्या वर्षीची हवा त्याच थरात लगेच कोंडली जाते, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. भुसभुशीत बर्फाच्या वरच्या थरातून हवा वर-खाली फिरत राहते. साठलेल्या बर्फाच्या वजनाने तो दाबला जातो आणि साधारण 50 ते 100 मीटर खोलीवर छिद्रं बंद होऊन बुडबुडे तयार होतात. तोवर भोवतालचा बर्फ म्हातारा झालेला असतो, आतली हवा मात्र त्यामानाने तरुण. हा फरक किती, ते बर्फ किती वेगाने साठतो त्यावर ठरतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या लॉ डोमवर हिमवृष्टी भरपूर, तिथे फरक जेमतेम काही दशकांचा. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातलं व्होस्तोक इतकं कोरडं की तिथे तो हजारो वर्षांचा.

आता तो युक्तिवाद घ्या: 'आधी तापमान वाढलं, मग आठशे वर्षांनी कार्बन डायऑक्साइड वाढला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड निर्दोष.' तापमान बर्फाच्या रेणूंवरून काढतात आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांतून. दोन घड्याळं वेगळी, आणि त्यांच्यातला फरक स्वतःच अंदाजाने काढलेला. आठशे वर्षांचा आकडा व्होस्तोकच्या एका जुन्या हिमयुगसमाप्तीवरून 2003 मध्ये आला. त्यात दोनशे वर्षं इकडेतिकडे होण्याची शक्यता त्याच शोधनिबंधात लिहिली होती. 2013 मध्ये बुडबुड्यांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड रूपांवरून) भुसभुशीत थराची जाडी नव्याने काढली, तेव्हा शेवटच्या हिमयुगसमाप्तीत अंटार्क्टिकाचं तापमान आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ बरोबरच वाढल्याचं दिसलं. 2012 मध्ये जगभरच्या ऐंशी नोंदी एकत्र केल्या, तेव्हा जागतिक तापमान कार्बन डायऑक्साइडच्या मागून चाललेलं आढळलं.

पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी सुरुवात होते, समुद्र वायू सोडतो, आणि तो वायू पुढची तापमानवाढ करतो. यात विसंगती काही नाही. पण ही गोष्ट आलेखावरून बोलायची असेल तर फाइलमधले 'बर्फाचं वय' आणि 'वायूचं वय' हे दोन रकाने वेगळे ठेवा. कार्बन डायऑक्साइडचे आकडे बर्फाच्या वयासमोर मांडले की मागेपुढेपणाचा सगळा हिशेब कोलमडतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हीच चूक मला सर्वाधिक दिसते.

कार्बन डायऑक्साइडसाठी ग्रीनलंडकडे जाऊ नका

ग्रीनलंडच्या बर्फात धूळ जास्त. धुळीतला चुना आणि बर्फातलं आम्ल यांची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड बर्फातच तयार होतो, आणि आकडा फुगतो. म्हणून या वायूची भरवशाची नोंद अंटार्क्टिकाची. तिथेही नमुना वितळवत नाहीत, निर्वातात कोरडाच चुरडतात. मिथेनला हा त्रास नाही. तो वातावरणात वर्षभरातच सगळीकडे मिसळतो, त्यामुळे दोन्ही ध्रुवांच्या नोंदी एकमेकींशी जुळवायला तोच वापरतात.

बुडबुड्यांतले आकडे मुळातच अविश्वसनीय आहेत, असंही कुणी सांगतं. लॉ डोमची मालिका 1978 पर्यंत येते, आणि हवेतलं प्रत्यक्ष मोजमाप 1958 पासून सुरू आहे. ज्या वर्षांत दोन्ही उपलब्ध आहेत तिथे आकडे जुळतात. माझ्या मते या शंकेला एवढं उत्तर पुरेसं आहे.

'असा उंचवटा पूर्वी कधीच दिसत नाही' असं घाईने म्हणू नका

गेल्या आठ लाख वर्षांची नोंद अंटार्क्टिकातल्या डोम सी इथल्या युरोपीय गाभ्यातून मिळाली. त्यात कार्बन डायऑक्साइड हिमयुगात 180 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 180 भाग) आसपास, उबदार काळात 280 च्या आसपास, आणि 300 च्या वर जवळजवळ कुठेच नाही. आज तो 420 च्या वर आहे. हे खरं आहे आणि ठणकावून सांगण्यासारखं आहे. पण सांगताना एक मर्यादा लक्षात ठेवा. एका थरातल्या बुडबुड्यांची तोंडं एकाच वर्षी बंद होत नाहीत, त्यामुळे डोम सीच्या एका नमुन्यात शतकांची हवा मिसळलेली असते. दहा-वीस वर्षांचा चढउतार तिथे पुसला जातो. तरी आपला मुद्दा टिकतो, कारण आज चढलेला कार्बन डायऑक्साइड दोन दशकांत उतरणारा नाही. एवढी वाढ पूर्वी कधी झाली असती, तर ती शतकानुशतकं रेंगाळली असती आणि नोंदीत दिसली असती. युक्तिवाद असा पूर्ण मांडावा, अर्धा सोडून देऊ नये.

समस्थानिकं म्हणजे थर्मामीटर नव्हे

ढग ध्रुवाकडे जाताना जड ऑक्सिजन असलेलं पाणी आधी गळून पडतं. हवा जितकी थंड, तितका शेवटी पडणारा बर्फ हलका. डॅनिश शास्त्रज्ञ विली डान्सगार्ड यांनी या नात्यावर सगळी विद्याशाखा उभी केली. ग्रीनलंडवर आज वेगवेगळ्या ठिकाणी मोजलं तर एका अंशाला जड ऑक्सिजनच्या प्रमाणात 0.67 प्रतिसहस्र फरक पडतो. हाच भाव हिमयुगाला लावला की ग्रीनलंड तेव्हा दहा-बारा अंशांनी थंड होतं, असं उत्तर येतं.

मग 1995 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ड्रिलिंगच्या भोकात तापमापक सोडले. बर्फ उष्णता इतकी हळू वाहून नेतो की हिमयुगातला गारठा खोलवर अजून शिल्लक आहे. त्यावरून उत्तर आलं वीस अंशांच्या वर, म्हणजे जवळपास दुप्पट. कारण बहुधा असं, की हिमयुगात तिथे हिवाळ्यात बर्फ फारच थोडा पडायचा. जी नोंद साठली ती मुख्यतः उन्हाळ्याची. जुन्या पुस्तकातला ग्रीनलंडच्या तापमानाचा आकडा उचलताना तो 1995 च्या आधीचा आहे का, हे जरूर तपासा.

तळाच्या बर्फावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका

1993 मध्ये ग्रिप या युरोपीय गाभ्यावरून एक खळबळजनक निष्कर्ष आला. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उबदार काळात हवामान काही दशकांतच गटांगळ्या खात होतं, असा. म्हणजे आपल्यासारख्या काळातही असं घडू शकतं. पण केवळ तीसेक किलोमीटरवर जीआयएसपी-2 चा गाभा होता. सुमारे 2,700 मीटरपर्यंत दोघांच्या नोंदी तंतोतंत जुळत होत्या, आणि शेवटच्या दहाव्या हिश्श्यात एकदम फाटा फुटला. लाटताना घडीच्या पोळीचे पदर सरकावेत तसे खडकालगत वाहणाऱ्या बर्फाचे थर दुमडले होते. कोंडलेल्या हवेतला मिथेन व्होस्तोकशी ताडून पाहिल्यावर क्रम बिघडल्याची खात्री पटली. 2003 मध्ये उत्तरेकडे खणलेल्या नॉर्थग्रिपमध्ये त्या उबदार काळाचा फक्त उत्तरार्ध मिळाला, पण सलग मिळाला, आणि त्यात असल्या गटांगळ्या नव्हत्या.

हीच काळजी आता अंटार्क्टिकातल्या लिटल डोम सी इथल्या नव्या गाभ्याबाबत घ्यायची आहे. जानेवारी 2025 मध्ये तिथे 2,800 मीटर खोली गाठली. प्राथमिक अंदाजानुसार वरच्या 2,480 मीटरमध्ये बारा लाख वर्षांची नोंद आहे, आणि तिच्या तळाकडच्या एका मीटरमध्ये तेरा हजार वर्षांपर्यंतचा काळ दाबला गेला आहे. खडकालगतचा शेवटचा सुमारे दोनशे मीटरचा बर्फ बहुधा विस्कटलेला आहे. बातम्यांत 'सर्वांत जुना बर्फ' वाचलं की तो सलग नोंदीतला की तळाच्या विस्कटलेल्या भागातला, हे आधी पाहा.

ज्वालामुखीचं नाव घाईने ठरवू नका

बर्फातल्या गंधकाम्लाचा शेंडा, म्हणजे आलेखात एकदम वर गेलेलं टोक, दिसला की उद्रेक झाला एवढंच कळतं, कुठे ते नाही. 1250 च्या दशकातला प्रचंड शेंडा दोन्ही ध्रुवांवर होता, पण त्याचा उगम इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरच्या सामालास ज्वालामुखीमध्ये आहे हे 2013 मध्ये ठरलं. उलट, ग्रीनलंडच्या बर्फातला एक शेंडा भूमध्य समुद्रातल्या सँटोरिनीच्या नावावर बरीच वर्षं खपला, आणि ज्वालामुखीच्या राखेतल्या काचकणांची रासायनिक तपासणी केल्यावर तो अलास्कातल्या अनियाकचाक ज्वालामुखीचा निघाला. काचकण जुळल्याशिवाय नाव लिहू नका.

एका ध्रुवावरून जग ठरवू नका

हिमयुगात ग्रीनलंडचं तापमान काही दशकांत दहा-पंधरा अंशांनी उसळल्याचे प्रसंग वीसहून अधिक आहेत. त्याच वेळी अंटार्क्टिका हळूहळू थंड होत होता. या उसळ्या जगभर तितक्याच नव्हत्या, पण त्यांचा माग अरबी समुद्राच्या तळगाळातही लागतो, मोसमी वाऱ्यांच्या जोरातले चढउतार म्हणून. आपल्याकडे या विषयावर काम करू पाहणाऱ्यांनी गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं काम पाहावं. अंटार्क्टिकाच्या ड्रॉनिंग मॉड लँडमधून आणलेले गाभे तिथे उणे 20 अंशांच्या प्रयोगशाळेत हाताळले जातात.

आलेखात मधेच खिंडार दिसलं तर

साधारण 600 ते 1,200 मीटरच्या पट्ट्यात नमुने विरळ झाले, तर आकडे लपवले असं समजू नका. तिथे बुडबुड्यांत दाब इतका असतो की वर आणताच बर्फ तडकतो. म्हणून तो भाग छावणीतल्या खंदकात महिनोन् महिने विसावू देतात आणि मगच कापतात. तडकलेल्या तुकड्यांत ड्रिलिंगचं द्रव शिरलेलं असतं, त्यामुळे वायूचे आकडे वगळावे लागतात. त्याहून खाली हवा स्फटिकांत शिरते आणि बुडबुडे दिसेनासे होतात, पण वायू असतोच. खिंडार रेघ ओढून भरू नका. ते रिकामंच ठेवा आणि त्याच काळासाठी दुसऱ्या ठिकाणचा गाभा शोधा, कारण तडकणारा पट्टा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वयाचा असतो.