पहिलं वर्ष घसरलं? मेडिकलच्या अर्जाची घाई करू नका
अमेरिकेत मेडिकलला जायचंय आणि त्याआधीच्या चार वर्षांच्या कॉलेजच्या पहिल्याच वर्षी जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) २.४ आला, तर घरात आकांत सुरू होण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. पहिल्या वर्षाचे ३० क्रेडिट २.४ चे, पुढच्या दोन वर्षांचे ६० क्रेडिट ३.८ चे धरा, एकूण ३.३३. तिसरं वर्ष संपताच अर्ज केला तर हाच आकडा जातो. चौथं वर्षही ३.८ ने काढून मग अर्ज केला तर ३.४५. एक वर्ष मागे पडलं म्हणून नातेवाईक विचारतील. विचारू देत!

विषय पुन्हा घेतला की जुनी ग्रेड पुसली जाते, हा समज मात्र सोडा. कॉलेज ती बदलत असेलही, पण अर्ज जिथून जातो ते एएमसीएएस दोन्ही ग्रेड मोजतं. मेडिकलला लागणाऱ्या विषयात डी किंवा एफ असेल तर तो बहुतेकदा पुन्हा घ्यावाच लागतो. सी आलेल्या केमिस्ट्रीवर सेमिस्टर घालवण्यापेक्षा पुढच्या बायोकेमिस्ट्रीत ए काढणं माझ्या मते जास्त कामाचं. एएमसीएएस जीपीए वर्षवार दाखवतं, शिवाय बायॉलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-गणिताचा वेगळा काढतं, त्यामुळे सुधारणा लपत नाही.

आणि एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, ‘अंदाज घ्यायला’ म्हणून देऊ नका. वर्षात तीन, आयुष्यात सातच प्रयत्न मिळतात. पेपर देऊन स्कोअर रद्द केला तरी तो प्रयत्न धरला जातो.