प्लग-इन हायब्रिडने गगनबावड्याचा घाट उतरताना-चढताना

प्लग-इन हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत मोटर आणि घरी चार्ज होणारी बॅटरी असलेली गाडी. ती रात्रभर चार्ज करून निघालात, गगनबावड्यापर्यंत बॅटरी 'होल्ड'वर (इंजिनवर चालून चार्ज राखून ठेवणारा मोड) जपली, की घाट उतरताना गंमत होते: बॅटरी तुडुंब, रीजनची (गाडी मंदावताना मोटर परत बनवते ती) वीज ठेवायला जागाच नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, पॅड तापतात, जळका वास येतो.

1. जाताना कोल्हापुरातून ईव्ही मोडवरच, म्हणजे नुसत्या बॅटरीवर निघा. रंकाळा, फुलेवाडी, कळे, गावागावातली गर्दी, स्पीडब्रेकर हे सगळं विजेवर होऊ द्या.

2. गगनबावड्यात बॅटरी 80 टक्क्यांच्या खाली हवी. घाट उंचीने साधारण 500 मीटर उतरतो. दीड-पावणेदोन टनाच्या गाडीला त्यातून जेमतेम एक-दीड युनिट परत मिळतात. पंधरा युनिटच्या बॅटरीत तेवढी जागा पुरते.

3. उतरताना 'बी' किंवा जास्त रीजनचा मोड लावा. वळणाआधीच पाय उचला, म्हणजे ब्रेक क्वचितच लागेल.

4. परतीला मात्र उलटं. घाटाच्या पायथ्याला, वैभववाडीत बॅटरी 25-30 टक्के शिल्लक ठेवा. त्यासाठी कोकणातच, सपाटीवर 'होल्ड' लावायचा. रिकाम्या बॅटरीने चढाला लागलात तर मोटरची जोड फारशी मिळत नाही, इंजिन नुसतं ओरडतं आणि ओव्हरटेकला गाडी रेटत नाही. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी चालू, तेव्हा हे फारच जाणवतं.

काही गाड्यांत इंजिननं बॅटरी भरायचा 'चार्ज' मोड असतो. तो घाटासाठी शेवटचा उपाय. पेट्रोल भरमसाट जातं.

सावधान: उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल कधीच करू नका. रीजनही बंद पडतं, गाडीही हातची सुटते.