जिल्हा परिषदेतून विधानसभेत गेलेल्या आमदाराची कारकीर्द कशी लिहावी

गौरवग्रंथासाठी किंवा तालुक्याच्या इतिहासासाठी एखाद्या आमदाराचा परिचय लिहायचा असला, की सरपंच, सभापती, आमदार, मंत्री अशी पदांची यादी देऊन लिहिणारा मोकळा होतो. स्थानिक संस्थेत ती व्यक्ती कोणत्या प्रश्नांशी झगडत होती आणि त्यांतले कोणते प्रश्न तिने पुढे विधानसभेत नेले, हे दाखवता आले तरच असा परिचय वाचकाच्या उपयोगाचा होतो. यासाठी आर. आर. पाटील यांची कारकीर्द नमुना म्हणून घेता येईल.

सर्वप्रथम स्थानिक संस्थेतील कार्यकाळ तपासावा. तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे पाटील १९७९ मध्ये सावळज गटातून सांगली जिल्हा परिषदेवर गेले आणि १९९० पर्यंत सदस्य राहिले. ही अकरा वर्षे पाहून ‘दोनदा निवडून आले’ असे सहज लिहिले जाते, परंतु १९७९ नंतर राज्यातील जिल्हा परिषदांच्या निवडणुका पुढे ढकलल्या जात थेट १९९२ मध्ये झाल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. पाच वर्षांच्या मुदतीला घटनात्मक आधार मिळाला तो २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झालेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने, आणि तरीही २०२२ पासून अनेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. म्हणून कोणत्याही सदस्याच्या वर्षांची बेरीज करण्याआधी त्या काळात निवडणूक झाली होती का, हे पाहणे भाग आहे.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. जिल्ह्याच्या सीमा बदललेल्या असतील तर दप्तर भलतीकडे असू शकते. विलासराव देशमुख १९७४ च्या सुमारास बाभळगावचे सरपंच होते आणि १९८० मध्ये आमदार झाले. लातूर जिल्हा मात्र १९८२ मध्ये झाला, तेव्हा त्याआधीच्या जिल्हा परिषदेच्या नोंदींचा माग उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, काढावा लागतो. माहिती अधिकाराच्या अर्जात ‘सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता वर्ष, सभेचा प्रकार आणि समितीचे नाव द्यावे व अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागावी. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात. एकाच सदस्याचे नाव पाणीपुरवठ्याच्या ठरावांखाली वर्षानुवर्षे येत असेल, तर त्याच्या कामाचा तो मला भाषणांपेक्षा अधिक भरवशाचा पुरावा वाटतो.

विधानसभेच्या निकालांत मतदारसंघाच्या नावावर नजर ठेवावी. पाटील १९९० ते २०१४ या काळात सहा वेळा निवडून आले, पण पहिल्या चार निवडणुका तासगाव मतदारसंघातल्या आणि शेवटच्या दोन, पुनर्रचनेनंतरच्या, तासगाव-कवठे महांकाळमधल्या आहेत. त्यामुळे २००४ आणि २००९ च्या मताधिक्याची सरळ तुलना करू नये.

सभागृहातील काम शोधताना तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या) आणि कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीत कपात सुचवणाऱ्या) वाचाव्यात, आणि जिल्हा परिषदेच्या इतिवृत्तातील विषय त्यांत पुन्हा आढळतो का ते ताडून पाहावे. पाटील १९९९ मध्ये ग्रामविकासमंत्री झाले आणि २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. आधी अनुदान आणि मग काम हा नेहमीचा क्रम त्यात नव्हता. गावाने श्रमदानाने आणि लोकवर्गणीने काम करायचे आणि मग बक्षिसासाठी स्पर्धेत उतरायचे, अशी त्याची घडण होती. पुढे गृहखाते सांभाळताना २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहिमेतही गावालाच जबाबदार धरण्याचा आणि बक्षीस देण्याचा तोच विचार दिसतो. गावगाडा आतून पाहिलेल्या माणसाचीच ही रीत आहे, असे माझे ठाम मत आहे. लिहिताना मात्र असा निष्कर्ष आपला म्हणून मांडावा आणि घटना वेगळ्या ठेवाव्यात.

अडचणीचे प्रसंगही गाळू नयेत. पाटील गृहमंत्री असताना आलेली २००५ ची डान्सबारबंदी उच्च न्यायालयात टिकली नाही आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये पाटील यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि २००९ मध्ये ते पुन्हा गृहमंत्री झाले. हे सारे वगळले तर उरते ती केवळ स्तुती, आणि एवढ्या मोठ्या कामाच्या माणसावर तो अन्याय होतो.

मुलाखती सर्वांत शेवटी घ्याव्यात, कारण कागद वाचल्याशिवाय नेमके प्रश्न सुचत नाहीत. कार्यकर्त्यांइतकेच निवृत्त ग्रामसेवक आणि गटविकास अधिकारी यांच्याकडे जावे, आणि ‘नेते कसे होते’ असे विचारण्याऐवजी अमुक रस्ता कोणत्या निधीतून झाला, त्याचा प्रस्ताव कोणी पाठवला आणि तो कोणत्या टेबलावर अडकला होता, हे विचारावे.