जुनी तुर्कमेन वीण कशी ओळखावी? आधी धागे आणि गाठी बघा

गालिच्यात लाल जमिनीवर अष्टकोनी नक्षी रांगेत मांडलेली दिसली, की दुकानदार ‘बुखारा’ म्हणून मोकळा होतो. मध्य आशियातलं बुखारा शहर ही या मालाची नुसती बाजारपेठ. विणणाऱ्या बायका तेक्के, योमुत, सारिक, सालोर, एरसारी, चोदोर अशा तुर्कमेन टोळ्यांतल्या, आणि त्यांची ओळख पुसली जाते याचं मला फार वाईट वाटतं. ती परत मिळते तुकड्याच्या धाग्यांत आणि गाठींत.

१. ताणा, म्हणजे उभे धागे तपासा. मालकाला विचारून झालरीतला एक सुटा धागा जाळा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, सूत कागदासारखं जळतं. जुन्या टोळीकामात ताणा लोकरीचा, कधी बकरीच्या केसांचा असतो. सुती निघाला तर तो बहुधा विसाव्या शतकातला कारखान्याचा माल; पाकिस्तानात तेक्के नक्षीचे असे गालिचे भरपूर विणले गेले. मात्र सारिक बायका पांढऱ्या नक्षीसाठी सूत वापरत आणि चोदोर कामात बाण्यात (आडव्या धाग्यांत) सूत सापडतं, तेव्हा तेवढ्यावरून तुकडा बाद करू नका.

२. गाठ बघा. तुकडा आडवा दुमडून लव (वर आलेली धाग्यांची टोकं) फाकवा आणि भिंग लावा. दोन उभ्या धाग्यांवर आडवी पट्टी आणि लवेची दोन्ही टोकं त्या धाग्यांच्या मधून वर आलेली दिसली, तर गाठ सममित: योमुत किंवा सारिक. एकाच धाग्याला पुरता वेढा असेल तर असममित. ती उजवीकडे उघडत असेल, म्हणजे पुरता न वेढलेला धागा उजव्या बाजूला असेल, तर बहुधा तेक्के किंवा एरसारी, डावीकडे उघडत असेल तर बहुतेक सालोर. तेक्के बायका कडेला सममित गाठी मारत, म्हणून मधोमधच बघा. इथे अर्धा तास गेला तरी चालेल.

३. मग नक्षी, म्हणजे ‘गुल’. तेक्के गालिच्यात गडद रेषा गुलांच्या मधून जाऊन चौकटी पाडतात. योमुतांच्या गुलांचे रंग तिरक्या ओळीत बदलतात. पण सालोरांचा गुल तेक्के आणि सारिकांच्या थैल्यांवरही येतो. गाठ एक सांगते आणि गुल दुसरं, तर गाठीचं ऐका.

४. आकारावरून वस्तू कळते. ‘खोर्जिन’ म्हणजे आपली पडशीच. ‘चुवाल’ तंबूतली मोठी थैली, ‘एन्सी’ दारावरचा पडदा. पाचकोनी ‘असमलिक’ वरातीतल्या उंटाच्या दोन्ही कुशींवर बांधायचे, म्हणून ते जोडीने विणत.

५. वय रंगावरून. जुना लाल मंजिष्ठेच्या कुळातल्या मुळांचा, निळा निळीचा. पहिला यशस्वी कृत्रिम रंग १८५६ चा. कॅस्पियन समुद्रापलीकडच्या रेल्वेचं काम १८८० मध्ये सुरू झालं, ती १८८८ मध्ये समरकंदला पोहोचली, आणि त्याच काळात असे रंग या भागात पसरले. लव टोकाला राखाडी आणि मुळाशी भडक जांभळी दिसली, किंवा ओल्या पांढऱ्या फडक्यावर नारिंगी-लाल रंग उतरला, तर तुकडा साधारण १८८० नंतरचा धरा. उलटं मात्र खरं नाही: कृत्रिम रंग नाही म्हणून तो त्याआधीचा ठरत नाही. कार्बन चाचणीही १६५० नंतरच्या काळासाठी एकाच वेळी अनेक तारखा देते.

म्हणून नेमकं वर्ष लिहू नका. चिठ्ठीवर एवढंच: ‘योमुत, असमलिक, सममित गाठ, लोकरी ताणा, कृत्रिम रंग आढळला नाही, बहुधा १९ वं शतक.’